पायथॉनमधे क्लास आणि ऑब्जेक्ट वापरताना या चुका टाळा

लाल एरर दिसली की नवीन माणूस घाबरतो, पण एरर आली तर नशीबच समजा, कुठल्या ओळीत गडबड आहे ते तरी कळतं. खरा ताप असतो तो प्रोग्राम गपचूप चालून उत्तर चुकीचं देतो तेव्हा, म्हणून आधी तसल्याच चुका बघू.

समजा किराणा दुकानाच्या हिशोबासाठी गिऱ्हाईक नावाचा क्लास (म्हणजे साचा) केलाय (पायथॉन ३ मधे अशी देवनागरी नावं चालतात बरं का, फक्त कीवर्ड, आकडे आणि इनिट, प्रिंट अशी पायथॉनची स्वतःची नावं इंग्रजीच लागतात). क्लासच्या आत पण सगळ्या मेथडच्या (म्हणजे क्लासमधल्या फंक्शनच्या) बाहेर तुम्ही उधारी = [] अशी रिकामी लिस्ट लिहिली, मग रमेश आणि सुनीता असे दोन ऑब्जेक्ट (त्या साच्यातून काढलेल्या वस्तू) बनवले, रमेशच्या उधारीत २५० अपेंड केले, म्हणजे जोडले, आणि सुनीताची उधारी प्रिंट केली, तर तिथेही २५०! बिचारीने काही घेतलेलंच नाही. ती लिस्ट क्लासची आहे, एकच आहे, आणि दोघंही तिच्यातच बघतायत. प्रत्येकाची वेगळी हवी तर इनिटमधे, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या मेथडमधे, सेल्फ.उधारी = [] असं लिहायचं; सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. इनिटच्या कंसात डिफॉल्ट म्हणून (काही दिलं नाही तर वापरायचं ते) उधारी=[] दिलं तरी तोच घोळ होतो, कारण ती डिफॉल्ट लिस्ट फंक्शन बनताना एकदाच तयार होते. डिफॉल्टला नन (म्हणजे 'काहीच नाही') ठेवा आणि आत तपासून, नन असेल तर नवी लिस्ट बनवा.

मग कोणीतरी म्हणतं की मी क्लासमधे नंबर ठेवलेला, तो का नाही शेअर झाला? कारण वाचताना पायथॉन आधी ऑब्जेक्टमधे शोधतो आणि तिथे नसेल तर क्लासमधे जातो, पण सेल्फ.काहीतरी = असं लिहिलं की ते थेट त्या ऑब्जेक्टवरच बसतं. म्हणून क्लासमधे एकूण = ० ठेवून इनिटमधे सेल्फ.एकूण += १ केलं तर क्लासमधला शून्य तसाच राहतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे स्वतःचा १ येतो. मोजणी सगळ्यांची मिळून हवी असेल तर गिऱ्हाईक.एकूण += १ लिहा. शंका आली की व्हार्स(रमेश) प्रिंट करून बघा, रमेशचं स्वतःचं काय आहे तेवढंच त्यात दिसतं, क्लासचं दिसत नाही. एकेक गोष्ट प्रिंट करत बसण्यापेक्षा हे बरं.

आता एररवाल्या चुका, त्या पटकन सुटतात. "टेक्स झीरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन" म्हणजे मेथडच्या कंसात सेल्फ लिहायचा राहिला, कारण रमेश.बिल() लिहिलं तरी आतून ते गिऱ्हाईक.बिल(रमेश) असंच चालतं, तो एक आर्ग्युमेंट (कंसातून पाठवलेली गोष्ट) तुम्ही न देता जातो. याच्या उलट "मिसिंग वन रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट सेल्फ" आलं तर बहुतेक रमेश = गिऱ्हाईक लिहून कंस विसरलात, म्हणजे रमेश हा ऑब्जेक्ट नाहीच, क्लासच आहे. "टेक्स नो आर्ग्युमेंट्स" आलं तर इनिटचे अंडरस्कोर मोजा, दोन्ही बाजूला दोन-दोन लागतात, एकेकच टाकला तर पायथॉनच्या लेखी ती साधी मेथड होते आणि आपोआप चालत नाही. आणि इनिटमधे नाव = नाव लिहून सेल्फ विसरलात तर तिथे एरर येतच नाही, ती येते नंतर, रमेश.नाव मागितल्यावर अ‍ॅट्रिब्यूटएरर म्हणून, आणि आपण शोधत बसतो भलत्याच ओळीत.

अजून एक, नवा = रमेश लिहिल्याने दुसरा रमेश तयार होत नाही, एकाच ऑब्जेक्टला दोन नावं होतात. [गिऱ्हाईक()] * ३ पण तसंच, लिस्टची लांबी तीन दिसते पण आत एकच गिऱ्हाईक तीनदा असतं, एकाचं नाव बदललं की तिघांचं बदलतं. तीन वेगळे हवे असतील तर फॉर लूपमधे दरवेळी गिऱ्हाईक() कॉल करून लिस्टमधे टाका, आणि खात्री करायला लिस्टमधल्या प्रत्येकाचा आयडी() (ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक) प्रिंट करून बघा, तिन्ही आकडे वेगळे आले पाहिजेत.