आमचा वाडा बघायला येताय? मग हे वाचा

सकाळीच या, तेव्हा ऊन चौकात उतरलेलं असतं. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, वाकून आत शिरा अन् ढेलजेतच, म्हणजे दारालगतच्या ओसरीतच, थांबून हाक द्या. आम्ही इथंच राहतो. मग मान वर करून सागाच्या तुळया बघा. त्यांच्यावर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत आहे. सासरे दरसाल पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून घ्यायचे, म्हणून ते टिकलं. लेकरांना वर उड्या मारू देऊ नका.

भिंतीतल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या जागेत डोकवा, अजून ज्वारीचा वास येतो. मला तीच जागा सगळ्यात प्यारी.

1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य, त्यामुळं जुने कागद मोडी लिपीत अन् उर्दूत आहेत. ते कोरड्या हातानं धरा, फ्लॅश मारू नका. चहा घेतल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाही.