घरी बियर बनवताना हीटरसाठी प्लग आणि सॉकेट कसं निवडावं

हीटर, पंप आणि कंट्रोल पॅनेल ठरलेलं आहे आणि मेनपासून स्वतंत्र लाइन जाणकार इलेक्ट्रिशियन ओढून देणार आहे, असं धरून चालतो. ते झालं नसेल तर आधी ते करा. प्लगबद्दल मिळणारा नेहमीचा सल्ला असतो, ‘वॉटला व्होल्टने भागा आणि तेवढ्या अँपिअरचा प्लग आणा.’ असा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात फक्त चहाचं पाणी उकळलेलं असावं.

भागाकार करायचाच आहे. ५५०० वॉटचा हीटर २४० व्होल्टवर सुमारे २३ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा २३० व्होल्टवर १३. हीटरवर छापलेले वॉट कोणत्या व्होल्टेजसाठी आहेत तेही वाचा. २४० व्होल्टचा तोच ५५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर लावला तर चौथा हिस्सा, म्हणजे १३७५ वॉटच उष्णता देईल.

पण चहा पाच मिनिटांत होतो. इथे आधी मॅशचं (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या माल्टचं) पाणी तापवायचं, मग मॅशचं तापमान धरून ठेवायचं आणि त्यानंतर वॉर्ट, म्हणजे त्यातून गाळलेला गोड रस, तासभर खळखळ उकळायचा. प्लगला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणून सततचा लोड प्लगच्या रेटिंगच्या (त्यावर छापलेल्या अँपिअरच्या) ८० टक्क्यांपलीकडे नेऊ नका. उत्तर अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमांतही तीन तास किंवा अधिक चालणाऱ्या लोडला हाच हिशेब लावतात. २३ अँपिअरला ३० किंवा ३२ अँपिअरचं सॉकेट हवं. १३ अँपिअर १६ च्या ८० टक्क्यांच्या (१२.८) किंचित वर जातात, म्हणून १६ चं अगदी काठावर चालतं, तेही चांगल्या प्रतीचं असेल तरच. १३ अँपिअरच्या प्लगवर १३ अँपिअर तासन्‌तास चालवायचे नाहीत, मग कोणी कितीही छातीठोकपणे सांगो.

प्रकार निवडणं सोपं आहे. २३० व्होल्टचा पुरवठा असेल तर आयईसी ६०३०९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा निळा इंडस्ट्रियल प्लग घ्या, १६ किंवा ३२ अँपिअरचा. व्होल्टेजप्रमाणे त्याची अर्थची (अर्थिंगची) पिन वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीच्या सॉकेटमध्ये तो शिरतच नाही. उत्तर अमेरिकी पद्धतीत फिरवून लॉक होणारा एल६-३० किंवा एल१४-३० घ्या. एल६ मध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) नसतो. पॅनेलमधला पंप १२० व्होल्टचा असेल तर चार पिनांचा एल१४ च लागेल. तिथे अर्थच्या वायरीलाच न्यूट्रल समजून जोडायला सांगणाऱ्याला पॅनेलजवळ फिरकू देऊ नका.

आता भांड्याकडचं टोक. माझं डोकं सगळ्यात जास्त इथेच फिरलं. कॉम्प्युटरच्या वायरीला असतो तो सी१३ कनेक्टर सहज मिळतो, स्वस्त असतो आणि भांड्यावर छान बसतो. पण तो १० अँपिअरचा आहे आणि त्याची पिन ७० अंशांपर्यंतच तापू द्यायची असते. शेजारी उकळत्या वॉर्टचं भांडं शंभर अंशांवर. त्याच्यासारखाच दिसणारा, खाच असलेला सी१५ हा १२० अंश सोसतो, पण रेटिंग तेच, १० अँपिअर. सी१९ हा १६ अँपिअरचा, पण मर्यादा पुन्हा ७० अंशच. म्हणजे एकाला उष्णता झेपते, दुसऱ्याला करंट. म्हणून मोठ्या हीटरसाठी मी हे सगळे बाद करतो. हीटरच्या टोपणातून जाड, उष्णतारोधक केबल घट्ट ग्लँडमधून (केबल आवळून धरणाऱ्या बुचातून) बाहेर काढायची आणि जोड भांड्यापासून हातभर दूर, निळ्या इंडस्ट्रियल किंवा लॉक होणाऱ्या कनेक्टरने करायचा. भांड्याच्या धातूला अर्थ जोडणं यातच आलं, त्यावर चर्चा नको.

कनेक्टर योग्य असला तरी त्याच्या आतला स्क्रू ढिला असेल तर सगळं व्यर्थ. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. २३ अँपिअरवर सांध्यात नुसता ०.१ ओहम रोध आला, तरी ५० वॉटहून जास्त उष्णता तिथेच साठते. म्हणजे प्लगच्या पोटात चालू सोल्डरिंग आयर्नच ठेवल्यासारखं. बारीक तारांच्या केबलची टोकं सोल्डरने भरू नका. सोल्डर स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपतं आणि पकड सुटते. मापाचं फेरूल (तारांच्या टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) दाबून बसवा. पहिल्या उकळीनंतर मेन बंद करून, प्लग काढून, स्क्रू पुन्हा आवळा. उकळी संपून वीज बंद केल्यावर प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर उघडून बघा. पिन काळवंडली किंवा प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही फेका. नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण तापलेल्या सॉकेटच्या पात्यांचा ताण गेलेला असतो आणि ते नव्या प्लगलाही जाळतं.

वीज ज्या बाजूने येते तिथे छिद्रं आणि ज्या बाजूला जाते तिथे पिना, हे पॅनेलच्या दोन्ही बाजूंना तपासा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कोणी बनवून दिली तर ती तिथल्या तिथे कापा.

एमसीबी (जास्त करंट गेल्यास आपोआप पडणारा स्विच) हा सॉकेट आणि केबल यांत जे कमकुवत असेल त्याच्या रेटिंगपेक्षा मोठा नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला तर वीज तोडणारा स्विच) लाइनच्या सुरुवातीलाच हवा, पण तो ओव्हरलोड थांबवत नाही. सॉकेट भांड्याच्या खाली नको, बाजूला आणि उंचावर हवं. केबलला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोचणार नाही. प्लग काढण्याआधी पॅनेलवरून हीटर बंद करा, नाहीतर दरवेळी ठिणगी पिन खात जाईल. आणि पंपाला हीटरपेक्षा वेगळ्या जातीचा प्लग द्या, म्हणजे वाफेच्या गर्दीत हात चुकला तरी पंप हीटरच्या सॉकेटमध्ये जाणार नाही.