बालनाट्याचं लाइट करताय? आधी जादूचा नियम ठरवा

बालनाट्य म्हटलं की लाल हिरवं निळं सगळं एकदम पेटवायचा मोह होतोच, त्यात एलईडी पार (डब्यासारखे रंग बदलणारे स्टेजलाइट) आल्यापासून बटण दाबलं की पाहिजे तो रंग मिळतो म्हणून तो अजूनच वाढलाय. पण नाटकात राक्षस, बोलणारी झाडं असलं काही असेल ना, तर आधी स्क्रिप्ट घेऊन बसा आणि एकच ठरवा, जादू झाली की प्रकाशात नक्की काय बदलतं? रंग, दिशा की सावली? जे ठरेल ते शेवटपर्यंत पाळा. मग दोनतीनदा तसं झालं की पात्र यायच्या आधीच नुसता लाइट बदलल्यावर पोरं "आला आला" करून ओरडायला लागतात, आणि मला विचाराल तर सगळा खटाटोप त्या ओरडण्यासाठीच असतो.

समजा राक्षसाची खूण म्हणजे मोठी सावली. लाइट स्टेजच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवा, तोंड मागच्या पांढऱ्या पडद्याकडे. नट लाइटच्या जवळ आला की सावली वाढते, पडद्याकडे गेला की लहान होते, त्यामुळे चौथीतलं पोरगंसुद्धा छतापर्यंत पोचतं. इथे आरजीबी एलईडी पार मात्र नको, त्यात लाल हिरवे निळे दाणे वेगवेगळे असतात म्हणून एका राक्षसाच्या रंगीत कडांच्या चारपाच पुसट सावल्या पडतात. एकच दिवा असलेला जुना हॅलोजन घ्या, कडा स्वच्छ येते. आणि त्या वेळी समोरचे लाइट एकदम खाली आणायचे नाहीतर पडदा धुऊन निघतो आणि सावली गायब, चेहऱ्यासाठी विंगेतून साइड लाइट पुरतो. हॅलोजन गरम होतो, म्हणून पडदे आणि पोरं दोन्ही लांब ठेवा, वायर टेपने चिकटवा.

एरवी चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी वरून साधारण 45 अंशात लाइट, एक उबदार, एक थंड. अमेरिकेत स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी 1932 साली मांडलेली पद्धत आहे ही आणि अजूनही कामाला येते. फक्त फोकस करताना मोठ्या माणसाला उभं करू नका, ग्रुपमधलं सगळ्यात बुटकं पोर मुकुट किंवा टोपी घालून उभं करा. टोपीची सावली डोळ्यांवर पडत असेल तर तो लाइट जरा खालून घ्या, कारण डोळे दिसले नाहीत तर मागच्या रांगेतल्या मुलांना कोण बोलतंय तेच कळत नाही.

कपडेपट ठरायच्या आधी कापडाचे तुकडे मागून घ्या आणि रंगीत लाइटखाली धरून बघा. लाल लाइटमध्ये हिरव्या पानांचा ड्रेस काळपट दिसतो, झाड एकदम मेल्यासारखं वाटतं. रात्रीसाठी ली कंपनीचा 181 काँगो ब्लू हा जिलेटीन (लाइटपुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) बघायला सुंदर आहे पण त्यातून प्रकाश अगदीच थोडा बाहेर येतो, तेव्हा तो बॅकलाइटला, म्हणजे नटाच्या मागून येणाऱ्या लाइटला लावा, चेहऱ्याला नाही. पहाट हॅलोजनवरच करा, डिमरवर हळूहळू वर नेला की आधी केशरी आणि मग पांढरा असा आपोआप उजाडत जातो.

पूर्ण ब्लॅकआऊट शक्यतो टाळा. लहान मुलं घाबरतात किंवा दंगा करतात आणि पुढच्या सीनची पहिली दोन वाक्यं वाया जातात, त्यापेक्षा गडद निळ्या लाइटमध्ये प्रॉपर्टी (स्टेजवरचं सामान) हलवा. स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा लाइट तर नकोच, फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलांना तो धोक्याचा असतो.

क्यू शीटवर, म्हणजे लाइट कधी बदलायचा त्या यादीवर, क्यू नंबर, आधीचा संवाद आणि फेड (लाइट हळूहळू बदलणं) किती सेकंदांचा एवढं लिहा. स्पर्धेत लाइट लावायला वेळ फार कमी मिळतो, कागद तयार असेल तरच निभावतं. आणि लाइटच्या बोर्डवर बसणारा तालमींना आलेला हवा, कारण पोरं संवाद विसरतात, मधलं गाळून पुढे जातात, तेव्हा कागद बाजूला ठेवून नटाच्या पायांकडे बघत क्यू द्यावा लागतो.