दसरा-दिवाळीमधला रविवार: सिकलसेलवरच्या चर्चेची तयारी

या वर्षी गट तुमच्या हातात आला आहे, म्हणून हे लिहून ठेवते. आपल्यात मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांतले रेसिडेंट डॉक्टर आहेत, कायद्याचे एलएलएमवाले आहेत, समाजकार्यात एमएसडब्ल्यू करणारे आहेत, विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातले आहेत आणि संख्याशास्त्राचे दोघं आहेत. महिन्यातून एकदा आरोग्य धोरणातला एक विषय घेऊन बसायचं, एवढाच आपला नेम. ऑक्टोबरचा विषय सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, ठरला आहे. विदर्भात राहून आरोग्य धोरणावर बोलायचं तर हा विषय टाळता येत नाही, आणि कुठल्याही एका शाखेला तो एकटीने पेलत नाही.

तारीख सगळ्यात आधी पक्की करा. दसऱ्याचा आठवडा घेऊ नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, एसटी आणि रेल्वे भरून वाहतात, आणि आपल्यातले बरेच जण तिथे आरोग्यसेवेच्या स्टॉलवर उभे असतात. दिवाळीत होस्टेल रिकामी होतात. मधल्या रविवारांपैकी पहिला धरा. त्याहून उशीर परवडत नाही, कारण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्या गावात भरतं आणि आमदारांना प्रश्नांची सूचना बरीच आधी द्यावी लागते. चर्चेतून निघणारं आपलं मागण्यांचं टिपण दिवाळीनंतर तयार झालं तर ते विधानभवनाबाहेर सिव्हिल लाइन्सच्या फुटपाथवर वाटायच्या कामाचं उरतं. वेळ सकाळी साडेअकराची ठेवा. तोवर रेसिडेंटचे राउंड आटोपतात आणि बाहेरगावचा पाहुणा सकाळच्या एसटीने गणेशपेठला उतरून दिवसाउजेडी घरी परतू शकतो.

आता प्रश्न. ‘सिकलसेल: आव्हाने आणि उपाय’ असं पत्रकावर छापलं की जो तो आपलं जुनं पीपीटी घेऊन येतो आणि दोन तास एकापाठोपाठ एक भाषणं होतात. प्रश्न एका वाक्यात लिहा. मी सुचवते तो असा: तपासणीत मुलगी वाहक किंवा मुलगा रुग्ण निघाला, तर दुसऱ्या दिवसापासून सरकारने त्या घरासाठी काय करायचं? राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालं. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट सगळ्यांना पाठ आहे. तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर पुढे कुणाकडे जायचं, हे मात्र घरच्यांना पाठ नाही. शिवाय अभियानाचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे, आणि विदर्भात हा आजार गोंड-परधानांत आहे तसा बौद्ध, कुणबी, तेली घरांतही आहे. नागपूर शहरात राहणाऱ्या, आदिवासी नसलेल्या मुलीने कुठल्या दारातून आत यायचं, हा उपप्रश्न त्याच पत्रकावर खाली लिहा.

प्रश्न ठरला की शब्दांचं एक पान तयार करा आणि आठ दिवस आधी सगळ्यांना द्या. मला विचाराल तर सगळ्या तयारीत हे पान सर्वांत मोलाचं. गेल्या वर्षी एका गावातल्या शिबिरात एक आई मुलीचा रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसली होती. कागदाची घडी इतकी घट्ट घातलेली की उलगडताना कोपरा फाटला. त्यावर ‘वाहक’ लिहिलं होतं. ती म्हणाली, “मॅडम, हिले आता येगळ्या ताटात वाढू का?” मुलगी शेजारीच उभी होती, सातवी-आठवीतली. एसटीत वाहक तिकीट फाडतो, साथीच्या रोगात वाहक रोग पसरवतो, आणि आपण तोच शब्द कुणालाही न समजावता त्या कागदावर लिहून मोकळे झालो होतो. म्हणून पानावर पहिलं हे येऊ द्या: वाहकाकडे सिकलसेलचं जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलेलं असतं, त्याची तब्येत साधारणपणे ठणठणीत असते, आणि शिवण्याने, एका ताटात जेवण्याने काहीही होत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ मारा. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं सुशिक्षित घरांतही मानतात.

त्याच पानावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द घ्या. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे पहिली साधी रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी चाचणी केल्यावर ठरतं. आपल्याच एका टिपणात सगळे पॉझिटिव्ह ‘रुग्ण’ म्हणून मोजले गेले होते आणि छापून झाल्यावर ते लक्षात आलं. या वेळी प्रत्येक आकड्याशेजारी कोणती टेस्ट, हे लिहिल्याशिवाय तक्ता पुढे जाऊ देऊ नका. तिसरा शब्द ‘निर्मूलन’. आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हा शब्द रुग्णाच्या कानाला कसा लागतो, यावर एमएसडब्ल्यूच्या मुलींना दहा मिनिटं द्या. आमच्या गटातल्या एका रुग्ण मैत्रिणीने विचारलं होतं, “म्हणजे माझ्यासारखी पुन्हा जन्माला येऊ नये, असंच ना?” त्या दिवशी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

कायद्याची बाजू ऐकीव माहितीवर सोडू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ आणि ३४ ची आणि अनुसूचीची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात असू द्या. २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेल आहे, हे सगळे सांगतात. कलम ३४ शांतपणे वाचलं की दिसतं, सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांचं कलम ३२ मात्र लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सगळ्यांना लागू आहे. म्हणजे मुलगा राखीव जागेवर शिकू शकतो आणि नोकरीच्या दारात तेच दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र त्याला आरक्षण मिळवून देत नाही. त्यातही ‘लक्षणीय’ म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून अधिक, आणि इथे डॉक्टर आणि वकील यांना समोरासमोर बसवायलाच हवं. सिकलसेलचं दुखणं येतं आणि जातं. तपासणीच्या दिवशी मुलगा स्वतःच्या पायाने चालत येतो. त्याच्या आदल्या आठवड्यात तो चार दिवस सलाइन लावून पडला होता, हे प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढच्या टक्केवारीत कसं बसवायचं? रेसिडेंटना सांगा, येताना प्रमाणपत्राच्या निकषांचा सध्याचा मजकूर आणा आणि तो एलएलएमवाल्यांबरोबर आधी एकदा वाचा.

अर्थशास्त्रवाल्यांचं काम थोडक्यात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ३९.४ टक्के होता. त्यात बुडालेली मजुरी धरलेली नाही. सिकलसेलचं दुखणं कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी फुकट मिळाली तरी ती चालू असताना रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते, आणि दर फेरीला रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एकाचा रोज बुडतो. एका काल्पनिक घराचा वर्षाचा हिशेब फळ्यावर मांडा, ‘काल्पनिक’ असं वर ठळक लिहून.

आता पाहुण्याचं. बोलायला रुग्ण किंवा रुग्णाची आई हवी, आणि ती पहिली बोलेल. मोठ्या सरांना आधी माइक दिला की पाठोपाठच्या सगळ्यांची भाषा बदलते. त्यांना शेवटी पंधरा मिनिटं द्या, ते समजून घेतात. पाहुणीला आठवडाभर आधी भेटा, तिच्या गावी जाऊन भेटा. रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडची असेल तर एक अख्खा दिवस जातो, जाऊ द्या. काय विचारलेलं चालणार नाही, हे तिच्याकडूनच ऐका. लग्नाचा विषय बहुतेक जणींना नको असतो. फोटो काढायचा का, खरं नाव सांगायचं का, हे तीच ठरवेल. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी पाकिटात घालून ती आल्याबरोबर द्या, निघताना नाही. बोलून झाल्यावर तिला निरोप देऊ नका. शेवटपर्यंत गोलातच बसू द्या आणि प्रत्येक मुद्द्यावर तिला विचारा.

हॉल तळमजल्याचाच घ्या. सिकलसेलमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला असणं नवीन नाही आणि जिना चढणं त्यांना फार जड जातं. ऑक्टोबरचा उकाडा म्हणून एसी जोरात लावू नका, थंडीने दुखणं उसळतं. २६ वर ठेवा आणि पाहुणीची खुर्ची झोताखाली येत नाही ना, ते स्वतः बसून पाहा. पाण्याची बाटली प्रत्येक खुर्चीपाशी ठेवा, कारण शरीरातलं पाणी कमी होणं हेही दुखण्याचं कारण आहे आणि भर सभेत उठून पाणी मागायला माणूस लाजतो. एखादी रिकामी खोली आणि तिथे एक खाट ठेवा. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या रेसिडेंटचा नंबर दोघांकडे तरी हवा. परवानगीच्या पत्रावर आवक क्रमांक घेऊन ठेवा. पोहे-चहाचं तुम्हाला सांगायला नको.

चर्चा चालू असताना एक जण फक्त लिहील. कोण काय म्हणालं यापेक्षा कोणाचं कुठे पटलं नाही, ते टिपा. टिपण दोन पानांचं, मराठीत, आणि प्रत्येक मागणीपुढे विभागाचं नाव: सार्वजनिक आरोग्य, आदिवासी विकास, दिव्यांग कल्याण, वैद्यकीय शिक्षण. ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं वाक्य आलं तर खोडा. छापायला देण्याआधी ते पाहुणीला फोनवर पूर्ण वाचून दाखवा, सावकाश, आणि ती जे काढायला सांगेल ते काढा. तिच्या गावात रेंज संध्याकाळी सातनंतर येते, तेव्हा सोमवारची संध्याकाळ त्यासाठी मोकळी ठेवा.