हिवाळ्यात ब्लूबर्डची पेटी उतरवू नका

पूर्व अमेरिकेत ईस्टर्न ब्लूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्याची शेवटची पिल्लं साधारण ऑगस्टपर्यंत उडून जातात आणि परसात त्याच्या घरट्यासाठी लावलेली पेटी ओस पडते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात एखाद्या सकाळी नर पेटीवर येऊन बसतो, पंख उचलून थरथरवतो, भोकात डोकं घालतो. मादी आत जाऊन येते. कधी तिच्या चोचीत गवताची काडीही दिसते. म्हणून आता अंडी येणार असं समजू नका. थंडीतला निवारा आणि पुढच्या मार्चमधल्या घरट्याची जागा, दोन्ही हेरणं चाललेलं असतं.

तेव्हा आधी पेटी साफ करा. जुन्या घरट्यात उंदीर शिरलेला असू शकतो आणि डियर माऊस या रानउंदराच्या लेंड्या-मुतातून हंताव्हायरस हा माणसाच्या जिवावर उठणारा विषाणू पसरतो. कोरडं घरटं झटकलं की तीच धूळ नाकात जाते. एन-९५ मास्क नि हातमोजे घाला, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी फवारून १० मिनिटं थांबा, मगच घरटं काढून पिशवीत बांधा. पेटीखाली टाकलंत तर वासावर रॅकून हा शिकारी प्राणी येईल. दार उघडं ठेवून पेटी उन्हात खडखडीत वाळवा.

कडाक्याची थंडी सुरू झाली की छपराखालच्या झरोक्यांत फोमच्या पट्ट्या घट्ट बसवा. तळाची भोकं मात्र बुजवू नका. ओल साचली आणि पिसं भिजली तर पाखरू गारठून मरतं. तळाला इंचभर वाळक्या पाइनच्या सुया पुरेत. लाकडाचा भुसा नको, तो ओल धरतो.

ये-जा करायचं भोक दीड इंचच (३८ मि.मी.) हवं, म्हणजे स्टार्लिंग हा पेटी बळकावणारा मोठा पक्षी शिरत नाही. खारीने कुरतडून मोठं केलं असेल तर त्याच मापाची धातूची चकती ठोका. खांबावरचा बॅफल, म्हणजे शिकारी प्राण्यांना वर चढू न देणारा अडथळा, हिवाळ्यातही राहू द्या. चिमणी मात्र या भोकातून सहज जाते. आपल्याकडे जिच्यासाठी हौसेने खोके टांगतात तीच ही. अमेरिकेत ती परकी, आणि चिमणा एकदा पेटीला चिकटला की ब्लूबर्डला टिकू देत नाही. तिने आणलेलं गवत-कचरा दिसेल तेव्हा काढत राहा.

सूर्यास्ताच्या सुमाराला लांबून पाहा. एकेक करत पाखरं आत शिरतात. कधी एकाच पेटीत दहाच्या वर, डोकी मध्ये आणि शेपट्या बाहेर. त्यानंतर दार उघडू नका. अंधारात उडालेलं पाखरू रात्रभर उघड्यावर राहतं. पाहणी दुपारीच करा.

गारठ्याइतकीच उपासमारही मारते. सुमॅक, डॉगवूड, होली, रेड सीडर यांच्या फळांवर बर्फाचं कवच चढलं की खायला काही उरत नाही. असे दिवस आले की बशीत मीलवर्म (किड्यांच्या अळ्या) ठेवा. पाणी न गोठणारं भांडं असेल तर उत्तमच.

फेब्रुवारीअखेर पट्ट्या काढा, विष्ठेने माखलेल्या सुया फेका. कोपऱ्यात एखादं मेलेलं पाखरू आहे का तेही बघा. त्याच्यावर नवं घरटं रचलं जाता कामा नये.