नवीन सिस्टरसाठी: ड्युटी, ऑफ आणि अपॉइंटमेंट लेटर

आठ तासांची ड्युटी आठ तासांत संपत नाही. ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती आणि जबाबदारी, घ्यायला पंधरा-वीस मिनिटं आधी पोचावं लागतं आणि ओव्हर देऊन, राहिलेल्या नोट्स लिहून निघेपर्यंत वर अर्धा तास सहज जातो. हा वेळ ड्युटीत धरतात की नाही, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या.

ओव्हर स्टेशनवर बसून नाही, बेडजवळ उभं राहून घ्यायची. आयव्ही लाइन (शिरेत घातलेली सलाइनची नळी) कुठल्या हातात, कधी घातली, भोवती सूज आहे का. सलाइनच्या पंपावरचा रेट डॉक्टरांच्या ऑर्डरशी जुळतो का. ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) किती, पुढचा डोस कधी. क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांची गाडी) सील आणि नार्कोटिक्सची (मॉर्फिनसारखी कुलपातली औषधं) मोजणी दोघींनी मिळून, सह्याही दोघींच्या. एक अँप्यूल जरी कमी निघाली तर सही करू नका. आधीची सिस्टर वॉर्डात असतानाच इनचार्जना बोलवा. ती घरी गेली की हिशेब तुमच्या गळ्यात.

रोस्टर हातात आलं की आधी दोन जागा बघा. पहिली, इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग. रात्री 9 ला सुटून सकाळी 7 ला हजर, म्हणजे मध्ये दहाच तास, त्यातच प्रवास, जेवण आणि झोप. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची परिचारिकांसाठीची 1977 ची शिफारस दोन ड्युट्यांमध्ये किमान 12 तासांची विश्रांती सांगते. ती कुणावर सक्तीची नाही, पण इनचार्जशी बोलताना हाताशी असलेली बरी. दुसरी जागा नाइटनंतरची. सकाळी नाइट संपवून झोपण्यात गेलेला दिवसच ‘ऑफ’ म्हणून दाखवला असेल, तर सुट्टी मिळालेलीच नाही.

अपॉइंटमेंट लेटरमध्ये हातात येणाऱ्या रकमेइतकंच बेसिककडे लक्ष द्या, कारण बऱ्याच ठिकाणी पुढचे लाभ बेसिकवर मोजतात. नाइट अलाउन्स, डबल ड्युटीचा मोबदला पैशात की बदली सुट्टीत, प्रोबेशनमध्ये आजारी रजा मिळते का, विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो का, हे सगळं लेखी हवं. तोंडी आश्वासन देणाऱ्या मेट्रनची बदली झाली की विषय संपतो. बॉन्ड असेल तर मुदत आणि सोडताना भरायची रक्कम वाचा. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून यायची नाहीत.

हेपॅटायटिस बीची लस हा फुकटचा लाभ समजू नका, ती हॉस्पिटलची जबाबदारी आहे. नेहमीचं वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीनं तयार झालेल्या अँटिबॉडी मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या. 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवा.

सुई टोचण्याचे प्रकार बरेचदा कॅप परत लावताना होतात, नाहीतर वापरलेल्या सुयांच्या काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई कोंबताना. डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलायला सांगा. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा, बोट पिळू नका आणि लगेच कळवा. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईतून संसर्गाचा धोका साधारण 0.3 टक्के, लस न घेतलेल्यांना हेपॅटायटिस बीचा धोका त्याच्या कितीतरी पट. एचआयव्हीसाठीची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, 72 तासांच्या आतच सुरू व्हायला हवीत, आणि कोर्स 28 दिवसांचा. ड्युटी संपल्यावर बघू म्हणून थांबू नका. स्वतःचं रक्त त्याच दिवशी तपासून घ्या आणि इन्सिडंट रिपोर्टची प्रत जवळ ठेवा. टोचण्याआधी तुम्ही निगेटिव्ह होतात, हे पुढे भरपाई मागताना त्याच कागदांवरून दाखवता येतं.