खडबडीत व्हिनाइल फरशीवरची बांधकामाची धूळ
फरशी चार वेळा पुसूनही वाळताच पांढुरकी दिसत असेल, तर दोष बहुधा बादलीतल्या पाण्याचा असतो. जिप्समची किंवा सिमेंटची बारीक पूड ओल्या फडक्याने पुसली की तिचा पातळ लगदा होतो आणि तो लाकडाच्या रेषांसारख्या खाचांत जाऊन बसतो. म्हणून पाण्याला हात लावण्यापूर्वी मऊ ब्रशचे तोंड असलेला व्हॅक्यूम क्लीनर आधी खाचांच्या दिशेने आणि मग आडवा फिरवून कोरडी धूळ ओढून घ्यावी. त्याचा फिरता ब्रश बंद ठेवावा, कारण त्याखाली वाळूचे कण घासले जाऊन चरे पडतात.

त्यानंतर कोमट पाण्यात सौम्य, उदासीन (आम्लधर्मी नाही आणि अल्कधर्मीही नाही असा) क्लीनर अगदी थोडा मिसळून एका वेळी फरशीच्या दोन-तीन पट्ट्याच हाती घ्याव्यात. मऊ नायलॉन ब्रशने खाचा घासाव्यात आणि वर आलेले गढूळ पाणी सुकण्याआधीच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यावे. फडके वेगळ्या बादलीत पिळावे. कंटाळवाणे आहे, पण पाणी दुधाळ झाले की ते बदलावेच लागते. शेवटी साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. सांध्यांत पाणी साचू देऊ नये. वाफेचा मॉप आणि ॲसिटोन तर टाळावेतच.